चहाचा कप घडवताना: देखणेपण आणि सोय यांचा क्रम कुठे चुकतो

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या मातीकाम शिकवण्याच्या छोट्या गाळ्यात जवळजवळ प्रत्येक बॅचला तेच होतं. शिकणारा आधी ग्लेझचा, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाचा, रंग ठरवतो, मग नक्षी, मग आकार, आणि कपात चहा किती मावतो हे भट्टी उघडल्यावर कळतं. मग तो सुरेख कप टेबलावर पेनं ठेवायला जातो. मला त्याचं वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते.

चूक हाताची नसते, क्रमाची असते. कपाचा काठ, पोट, कान आणि बूड या चार जागी सोय आणि देखणेपण एकदमच ठरतं. पण त्या प्रत्येक जागेची वेळ ठरलेली असते आणि ती टळली की पुढे कितीही सुंदर ग्लेझ दिलं तरी उपयोग होत नाही. पुढची सगळी मापं रोजच्या दुधाच्या चहाच्या कपाची आहेत: स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला भाजून घट्ट होणारी), चाकावर घडवलेला कप, विजेच्या भट्टीत साधारण १२२० अंश सेल्सिअसला भाजलेला. चाक नसेल आणि मातीची पट्टी लाटून कप करत असाल, तर चौथा टप्पा वगळून बाकी सगळं तसंच लागू आहे.

## १. आधी चहा आणि हात मोजा

घरात ज्या कपाने सगळे आवडीने चहा पितात, तो घ्या. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि नेहमी चहा असतो तिथपर्यंत पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. आमच्याकडे बहुतेकांचं उत्तर १५० ते १७० मिलीच्या दरम्यान येतं. कप उचलताना चहा सांडू नये म्हणून काठाखाली एक सेंटिमीटर मोकळं हवं. म्हणजे काठोकाठ २०० मिलीचा कप झाला. आतून रुंदी साडेसहा सेंटिमीटर आणि खोली सहा सेंटिमीटर ठेवली की हे गणित जमतं.

त्यानंतर पिणाऱ्याचा हात. माझ्या आईच्या उजव्या हाताची बोटं संधिवाताने सुजतात. तिला मी पहिला कप दिला तेव्हा तिने कानात एक बोट घातलं, ते अडकलं. तिने ते हळूच सोडवून घेतलं, मग दोन्ही तळहातांनी कप धरला आणि चटका बसल्याबरोबर ओट्यावर ठेवला. त्या कपाचं निळसर ग्लेझ मला आजवर जमलेल्यांपैकी सर्वांत चांगलं होतं. तेव्हापासून मातीला हात लावण्याआधी मी बोटं मोजते: कानात किती बोटं जाणार, आणि ती एकावर एक ठेवली तर उंची किती भरते.

तपासा: कागदावर कपाचा उभा छेद खऱ्या मापात काढा. काठ, पोट, बूड, कान, सगळं. चित्रातल्या कानात स्वतःची बोटं ठेवून पाहा.

## २. माती किती आटते ते स्वतः काढा

पिशवीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. भट्टी बदलली, तापमान बदललं की आटही बदलते. मातीची एक पट्टी लाटा, तिच्यावर सुरीने बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, सपाट वाळवा, आणि तुमचे कप जिथे भाजले जाणार त्याच भट्टीत दोन्ही वेळा (कप ग्लेझआधी एकदा आणि ग्लेझ दिल्यावर पुन्हा भाजतात) भाजून घ्या. रेघ ८.८ सेंटिमीटर उरली तर आट १२ टक्के.

आता ओलं माप काढायचं असेल तर भाजलेल्या मापाला ०.८८ ने भागा. साडेसहाचे ७.४ होतात, सहाचे ६.८. नुसते १२ टक्के मिळवून चालत नाही. कपात फरक थोडा पडतो, पण ताटाएवढ्या भांड्यात झाकण बसेनासं होतं.

खरी फसगत आकारमानात होते. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही आटतात, त्यामुळे ओल्या मातीत बरोबर २०० मिलीचा दिसणारा कप भाजून १३६ मिलीचा निघतो. २०० मिली हवे असतील तर ओला कप सुमारे २९५ मिलीचा लागतो. चाकावर तो डोळ्यांना थोराड वाटतो आणि हात आपोआप तो लहान करतो. डोळ्यांचं ऐकू नका, पट्टी लावा.

## ३. माती: एका कपाला एकच

कान आणि पोट एकाच गोळ्यातून काढा. वेगळ्या मातीचा कान छान दिसतो, पण दोन माती वेगवेगळ्या आटल्या की सांध्यालाच चीर जाते.

गणपतीनंतर घराघरांत शाडू उरते आणि ती स्टोनवेअरमध्ये मिसळून टाकायचा मोह होतो. मिसळू नका, आट आणि भाजणीचं तापमान दोन्ही बिघडतं. कुंभाराची लाल माती १२२० अंशांना टिकत नाही, ती फुगते किंवा बसते आणि भट्टीतली फळीही खराब करते. सर्वांत वाईट म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचा कण. तो मातीत गेला तर भाजलेल्या कपाचा टवका काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, आपोआप उडतो. मूर्तिकाम आणि कपाचं काम एकाच टेबलावर करू नका.

कपाला साधारण ३०० ग्रॅम माती घ्या, कानासाठी त्याच मातीतला ७०-८० ग्रॅमचा गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवा. सहा कपांचा संच असेल तर सहाही गोळे आधी तोलून घ्या. मग मळा. तारेने गोळा मधोमध कापून पाहा, हवेचे बुडबुडे दिसले तर पुन्हा मळा.

## ४. चाकावर: बूड, भिंत, काठ

गोळा मध्यावर आणणं लेख वाचून येत नाही, ते हातालाच शिकावं लागतं. त्यापुढच्या तीन गोष्टी सांगते.

बूड आधी दाबा. मधून बाहेर, बाहेरून मधे, स्पंजने किंवा लाकडी पट्टीने तीन-चार वेळा. बुडाची माती दाबलेली नसेल तर वाळताना मध्यावर इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते, आणि ती बऱ्याचदा भाजल्यावरच दिसते. बुडात साचलेलं पाणी दर वेळी टिपून घ्या.

भिंत ४ ते ५ मिलिमीटर. जाड भिंतीचा कप चहा लवकर गार करतो, कारण पहिली उष्णता तीच खाते. फार पातळ भिंत हात पोळते. तळाशी भिंत आणि बूड मिळतात तिथे माती साठून राहते. सुई टोचून जाडी पाहा, भोक बोटाने बुजतं.

काठावर मात्र वेळ द्या. काठ भिंतीएवढाच किंवा किंचित जाड, वरून गोल, आणि ओठाला लागेल अशा बेताने अगदी थोडा बाहेर झुकलेला. शेवटी ओल्या मऊ चामड्याची पट्टी दोन बोटांत धरून काठावरून फिरवा. धारदार काठ कच्च्या कपावर नाजूक, देखणा दिसतो; भाजल्यावर त्यावरचं ग्लेझ पातळ होतं, ओठाला खरखरीत लागतं आणि सिंकमध्ये पहिल्याच ठोक्याला टवका उडतो.

तपासा: कप चाकावरून काढण्याआधी आतली रुंदी आणि खोली मोजा. ७.४ आणि ६.८. संचातला पहिला कप जमला की काठाची उंची आणि रुंदी दाखवणारी काडी चाकाशेजारी उभी करा, बाकीचे पाच तिच्याशी जुळवा.

## ५. बूड तासणं

कप चामड्यासारखा कडक झाला, म्हणजे बोटाने दाबला तर वाकत नाही पण नखाचा ठसा उमटतो, की उलटा करून तासा. बुडाखालची कडी काठाच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश असू द्या. कडी लहान केली की कप डौलदार दिसतो, पण भरलेल्या कपाचा कान जरा ओढला की तो कलंडतो. कडीची बाहेरची धार थोडी तिरपी तासा. त्या तिरपेपणामुळे कपाखाली बारीक सावली पडते, कप जमिनीवरून उचलल्यासारखा हलका दिसतो, आणि ओघळलेलं ग्लेझ थांबायलाही जागा मिळते.

## ६. कान

या टप्प्यावर घाई केलेले कप मी सर्वांत जास्त फेकले आहेत.

मातीचा गाजरासारखा लांबट गोळा करा, जाड टोक डाव्या हातात उभं धरा, उजवा हात पाण्यात बुडवून वरून खाली ओढत जा, गाईचं दूध काढतात तसा. प्रत्येक ओढीनंतर गोळा थोडा फिरवा, म्हणजे पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी होते. पट्टीच्या मधोमध अंगठ्याने हलकी पन्हळ द्या. कप धरल्यावर अंगठा तिथेच बसतो आणि डोळ्यालाही ती रेघ गोड दिसते. ओढलेली पट्टी कमानीसारखी वाकवून फळीवर ठेवा, आपला आकार स्वतः धरू लागेपर्यंत.

दोन बोटांच्या कानाची पोकळी भाजल्यावर उंचीला ४ आणि खोलीला अडीच सेंटिमीटर हवी. ओली मापं साडेचार आणि २.८ च्या किंचित वर. खोली कमी पडली की बोटांची पेरं गरम भिंतीला टेकतात. दुधाचा चहा उकळता ओतला जातो, म्हणून ही खोली सोडू नका.

लावण्याची वेळ ओळखा: कान आणि कप दोन्ही सारखेच ओले हवेत. कप वाळलेला आणि कान ओला असला तर कान जास्त आटतो आणि सांधा सुटतो. ही एक चूक टाळली तरी निम्म्या चिरा टळतात. दोन्ही जागा सुईने आडव्याउभ्या खरवडा, त्याच मातीची दाट स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावा, कान किंचित हलवत दाबा, आतून दुसऱ्या हाताचा आधार द्या. बाहेर आलेली स्लिप ओल्या कुंचल्याने पुसा आणि सांध्याला मातीची बारीक वळी भरून गुळगुळीत करा.

कानाचं वरचं टोक काठाला टेकवू नका, एक बोट खाली घ्या. खालचं टोक पोटाच्या सर्वांत फुगीर जागेच्या जरा खाली लावलं की वजन हातात सावरतं. समोरून पाहिल्यावर कपाशेजारची रिकामी जागा, म्हणजे कानातली पोकळी, हीच नक्षी असते. मी ती जागा पाहते, कान नाही.

तपासा: कपात १५० ग्रॅम पाणी ओतू नका, कच्ची माती विरघळेल. त्याऐवजी पिशवीत १५० ग्रॅम तांदूळ बांधून कपात ठेवा आणि कान दोन बोटांनी नुसता पेलून बघा, उचलू नका. बाहेरच्या बाजूला झुकतो का, तेवढंच बघायचं.

## ७. नक्षी आत्ताच, नंतर नाही

कोरायचं तर कप चामड्यासारखा कडक असतानाच. भिंतीच्या एक तृतीयांशाहून खोल कोरू नका. काठाखालचे दीड सेंटिमीटर आणि आतली बाजू मोकळी सोडा. आतल्या खाचांत साय आणि साखर बसते, घासणी तिथे पोचत नाही.

वारली आकृत्या बऱ्याच जणांना काढाव्याशा वाटतात आणि त्या मातीवर खुलतातही. पण भाजून झालेल्या कपावर अ‍ॅक्रिलिकने काढल्या तर त्या धुण्याने निघतात, आणि खाण्यापिण्याच्या भांड्याला तो रंग चालतही नाही. पांढऱ्या स्लिपने किंवा अंडरग्लेझने (ग्लेझखाली द्यायच्या रंगाने) काढा, वर पारदर्शक ग्लेझ द्या.

## ८. वाळवणं: ठाण्याची हवा लक्षात घेऊन

मे महिन्यात खाडीकडून वारा सुटला की खिडकीजवळच्या कपाची एक बाजू दोन तासांत पांढरी पडते. जुलैत तोच कप आठवडा झाला तरी काळसर राहतो. दोन्हीत उपाय एकच, सगळीकडे सारखी गती.

कान लावल्यावर कप पूर्ण दिवस प्लास्टिकखाली ठेवा, म्हणजे सांध्याच्या दोन्ही बाजूंची ओल एक होईल. नंतर कानाभोवती प्लास्टिकची पट्टी गुंडाळा आणि बाकी कप वर्तमानपत्राखाली ठेवा. कान पातळ असल्याने तो आधी वाळतो आणि कपाला ओढतो. काठ वाळू लागला की कप उलटा करा. पंखा नको, ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच.

कप वाळला की नाही हे ठरवायला गालाला लावून पाहतात; गार लागला तर आत ओल आहे. पावसाळ्यात मी याच्यावर थांबत नाही. रोज सकाळी त्याच काट्यावर वजन करते. सलग दोन दिवस आकडा हलला नाही की पुढे जाते.

सावधान: पडलेल्या कोरड्या मातीची धूळ केरसुणीने झाडू नका. त्यातली सिलिका फुप्फुसात साठते आणि बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा. ग्लेझची पूड मिसळताना एन-९५ मास्क लावा. घरी काम करत असाल तर मातीचं पाणी मोरीत सोडू नका. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ पुन्हा मातीत. सोसायटीचा पाइप मातीने बसला की तो मोकळा करणं फार जिकिरीचं असतं.

## ९. पहिली भाजणी

भट्टीत रचल्यावर पावसाळ्यात ८० ते ९० अंशांवर काही तास थांबा, झाकण थोडं उघडं ठेवून. बघायच्या छिद्रासमोर आरसा धरा. त्यावर वाफ धरली तर आत पाणी आहे. १०० अंशांच्या पुढे हे पाणी वाफ होऊन कप फोडतं, शेजारचेही चार घेऊन जातं. तिथून ६०० पर्यंत ताशी १०० अंश पुरेत, कारण ५७३ अंशांच्या आसपास मातीतला क्वार्ट्झ एकदम फुगतो. पुढे वेग वाढवला तरी चालतो. १००० अंशांना थांबा.

स्वतःची भट्टी नसेल आणि दुसऱ्यांच्या भट्टीत भाजायला देत असाल, तर आधी विचारा: दुसरी भाजणी किती अंशांना? तुमची माती आणि तुमचं ग्लेझ, दोन्ही त्या आकड्याला बसत असतील तरच द्या.

## १०. ग्लेझ

कप ओल्या स्पंजने पुसा. धूळ किंवा हाताचं तेल राहिलं तर त्या जागी ग्लेझ आकसून माती उघडी पडते. केसांना तेल लावून आलेल्या मुलींना मी आधी साबणाने हात धुवायला लावते. बुडाच्या कडीला आणि तिच्या वर ५ मिलिमीटरपर्यंत मेण लावा, म्हणजे तिथे ग्लेझ धरणार नाही.

ग्लेझ तळापासून ढवळा, ८० मेशच्या चाळणीतून गाळा. मग १०० मिली मोजून वजन करा. १४० ते १५० ग्रॅममध्ये बसलं पाहिजे. कमी असलं तर पातळ, रंग फिका आणि स्पर्श कोरडा. जास्त असलं तर ओघळतं.

आता निवड. आतून चमकदार, टिकाऊ, पांढरं किंवा पारदर्शक ग्लेझ द्या, आणि मनातले सगळे प्रयोग बाहेरच्या बाजूला करा. आत मॅट ग्लेझवर चमच्याचे काळे ओरखडे उठतात आणि चहाचा डाग राहतो. पांढरा आतला भाग द्यायचं माझं आणखी एक कारण आहे: आपल्याकडे चहाचा रंग बघूनच तो कसा झालाय हे कळतं, गडद कपात तो रंगच दिसत नाही.

आधी आत: ग्लेझ ओता, फिरवा, लगेच उपडं करा. कप सुकू द्या. मग बाहेरून दोन-तीन सेकंद बुडवा. दोन ग्लेझ एकमेकांवर चढतात तिथे मिश्रण जास्त वितळतं आणि वाहतं, म्हणून असा चढाव कपाच्या वरच्या एक तृतीयांश भागातच ठेवा. बेत नवा असेल तर आधी उभ्या तुकड्यावर भाजून पाहा. आडव्या तुकड्यावर ओघळ कळत नाही.

सावधान: शिसं किंवा कॅडमियम असलेलं ग्लेझ कपाच्या कोणत्याही बाजूला नको. डब्यावर घटक लिहिलेले नसतील तर ते शोभेच्या भांड्याला वापरा. सोनेरी लस्टर (धातूचा चमकदार थर) लावलेला कप मायक्रोवेव्हमध्ये जात नाही, भेट देताना तसं सांगा.

## ११. दुसरी भाजणी

कपांमध्ये बोटभर अंतर, बूड पुसून स्वच्छ, फळीला ग्लेझ चिकटू नये म्हणून तिच्यावर अ‍ॅल्युमिना-केओलिनचा लेप. भट्टीच्या डिजिटल आकड्यासोबत कपांशेजारी कोन, म्हणजे ठरावीक भाजणीला वाकणारा छोटा सुळका, ठेवा. तापमान आणि वेळ मिळून ग्लेझ वितळतं. आकडा फक्त तापमान सांगतो, कोन वाकला की दोन्ही पुरेसं झाल्याचं दिसतं.

आणि उघडण्याची घाई नको. भट्टी १०० अंशांखाली येईपर्यंत झाकणाला हात लावू नका. गरम कपाला गार वारा लागला की टणकन आवाज येतो आणि तडा जातो.

## १२. वापरण्याआधीच्या परीक्षा

बुडाची कडी ओल्या सिलिकॉन कार्बाइड कागदाने घासा, जेवणाच्या टेबलावर ओरखडे उठणार नाहीत. मग:

- कोरडा कप तोला, दोन तास पाण्यात उकळा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. २२० ग्रॅमचा २२२ झाला तर पाणी सुमारे ०.९ टक्के शिरलं, चांगलं आहे. २३० झाला तर माती नीट भाजली नाही. तो कप झिरपेल, मायक्रोवेव्हमध्ये कानासकट तापेल.
- लिंबाची फोड आत रात्रभर चिकटवून ठेवा. सकाळी त्या जागेचा रंग किंवा चमक बदललेली दिसली तर ग्लेझ टिकाऊ नाही. फरक दिसला नाही म्हणून शिसं नाही असं मात्र ठरत नाही. कप विकणार असाल तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्या.
- कप काही तास फ्रीझरमध्ये ठेवा, सिंकमध्ये ठेवून लांबूनच उकळतं पाणी ओता. नंतर आत शाई फिरवून धुवा. केसासारख्या रेघा दिसल्या तर ग्लेझ मातीला बसत नाही. चहा त्या रेघांत शिरून आठवड्यात काळ्या करेल.

शेवटची परीक्षा ज्याच्यासाठी कप केला त्याच्याकडे. आठ दिवस रोज त्याच कपात चहा द्या, काही विचारू नका, फक्त तो कप कसा उचलतो ते पाहा आणि वहीत लिहा. पुढच्या खेपेची मापं तिथून निघतात. आईच्या कपाचा कान मला चौथ्या खेपेला जमला: ओली पोकळी ३.२ बाय ५ सेंटिमीटर, पट्टी दीड बोट रुंद, वर अंगठा टेकायला मातीची छोटी उशी. ग्लेझ तेच निळसर ठेवलं, फक्त बाहेरून.